सांगणाऱ्याचं नाव

आमच्या डोंगरात बियाणं उसनं न्यायची जुनी रीत आहे. पायलीभर भाताचं बी नेलं, की सुगी झाल्यावर सवा पायली परत आणून द्यायचं. पण रीत एवढ्यावर संपत नाही. तुमच्या खाचरात भात चांगलं उभं राहिलं आणि बांधावरून जाणाऱ्यानं विचारलं, "बी कुठलं रं?" तर ज्याच्या कणगीतून आणलं त्याचं नाव घ्यावं लागतं. नाव न घेता "घरचंच हाय" म्हणून कुणी ठोकून दिलं, तर पुढच्या वर्षी त्याला पायलीभर सोडा, मूठभर बी द्यायलाही गाव कुरकुरतं.

नाव कशाला घ्यायचं? शहरातल्या माणसाला वाटेल, मान म्हणून. मान असतोच. पण पोटात दुसरी गोष्ट आहे. उद्या त्या भातात भेसळ निघाली, लोंब्या पोचट गेल्या, तर कुणाच्या ओट्यावर जाऊन विचारायचं ते ठाऊक असावं लागतं. नाव घेतलं की जाब विचारायला दार राहतं.

मी अकोले तालुक्यातला, जातीनं महादेव कोळी. १९७७ साली दहावी झालो आणि शेतीला लागलो. विद्यापीठ पाहिलं ते राहुरीचं, तेही शेतकरी मेळाव्याला, मंडपात बसून. तेव्हा विद्यापीठातल्या प्रामाणिकपणावर मी लिहावं हे कुणाला गमतीचं वाटलं तर माझी तक्रार नाही. पण माझी धाकटी लेक पीएच.डी. करतेय. विषय आमच्याच भागातली भाताची वाणं, रानभाज्या आणि बी राखायच्या पद्धती. तिच्यामुळं 'वाङ्मयचौर्य' हा शब्द दोन वर्षं आमच्या घरात पाहुण्यासारखा ठाण मांडून बसलाय. माझ्या आईला, वय पंच्याऐंशीच्या पुढं, तो उच्चारता येत नाही. ती त्याला 'ते चोरीचं' म्हणते.

लेकीनं मला नियम समजावून सांगितले. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ साली ते काढलेत. प्रबंध संगणकात घालायचा, आधी छापलेल्या लिखाणाशी तो किती जुळतो ते सॉफ्टवेअर काढून देतं. दहा टक्क्यांपर्यंत जुळलं तर काही शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असलं तर दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्या. साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. मी म्हटलं, "म्हणजे दहा टक्के चोरी माफ? मग आपल्या वाण्यानं मापात दहा टक्के मारलं तर त्याच्या नावानं का ओरडायचं?" ती हसली. म्हणाली, "आबा, ती चोरी नाही, सारखेपणा. चार शब्द सगळ्यांचे सारखे येतातच."

नियम वाईट नाही. दुसऱ्यानं रात्री जागून लिहिलेलं आपल्या नावावर खपवणं ही चोरीच आहे. आणि आपल्या गावांनी या बाबतीत फार ताठ मानेनं बोलू नये. दहावीच्या परीक्षेला खिडकीतून चिठ्ठ्या पोचवणारी माणसं मी पाहिलीत. तीच माणसं दुसऱ्याच्या बांधावर विसरलेला विळा उचलणार नाहीत, संध्याकाळी घरी नेऊन देतील. याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, विळा कुणाचा ते माणसाला ठाऊक असतं. पुस्तकातलं ज्ञान कुणाचं ते आमच्या पोरांना कधी कुणी सांगितलंच नाही. ते सरकारचं, म्हणजे कुणाचंच नाही. आणि जे माणसाचं होतं, तोंडाचं होतं, ते शाळेत ज्ञान म्हणून कधी आलंच नाही.

आता लेकीच्या प्रबंधाचं. पहिला मसुदा गाईड बाईंनी संगणकात घालून पाहिला तर सोळा टक्के निघाले. कुठल्या ओळी जुळल्या ते संगणक रंगवून दाखवतो. बहुतेक सगळा रंग रानभाज्यांच्या टेबलावर आणि बी राखायच्या प्रकरणावर पडला होता. म्हणजे नेमकं जे तिनं आजीच्या शेजारी चुलीपुढं बसून उतरवून घेतलं होतं, त्यावर. आधी एका शोधनिबंधात ते छापून आलेलं होतं म्हणे, जवळपास त्याच क्रमानं.

तो शोधनिबंध तिनं काढून आणला आणि वाचून दाखवला, तेव्हा मला उलगडा झाला. पंधरा-एक वर्षांपूर्वी पहिल्या पावसात शहरातल्या एका कॉलेजातले सर आणि दोन विद्यार्थी आमच्याकडं चार दिवस राहिले होते. माणसं चांगली होती, ताटातलं टाकत नव्हती. आई त्यांना घेऊन रानात हिंडली. कुर्डू दाखवली, चाईचा मोहोर कुठं येतो ते सांगितलं, शेवळं उपटून आणून भाजी करून घातली. घेवड्याचं बी राखेत का ठेवायचं ते सांगितलं. काळभाताचं बी निवडताना खाचराच्या मधल्या लोंब्या घ्यायच्या, बांधालगतच्या घ्यायच्या नाहीत, कारण शेजारच्या वाणाचं वारं बांधाकडच्या भाताला लागतं, हेही तिनंच सांगितलं. ते सगळं त्या निबंधात होतं. शेवटी एक ओळ होती, स्थानिक ग्रामस्थांच्या सहकार्याबद्दल आभार.

आणि आता नियमाप्रमाणं माझ्या लेकीनं काय करायचं? आजीनं तिला शिकवलेल्या गोष्टीपुढं कंसात त्या सरांचं आडनाव आणि साल लिहायचं. नाही लिहिलं तर ती चोर.

उलट बाजूनं पाहा. त्या सरांचा निबंध तेव्हा या सॉफ्टवेअरमध्ये घातला असता तर त्यात आईच्या सांगण्यापुढं काय निघालं असतं? शून्य. कारण आईच्या तोंडून आलेलं कुठं छापलेलंच नव्हतं. पुस्तकातून दोन ओळी उचलल्या तर वाङ्मयचौर्य, आणि म्हातारीच्या तोंडातून अख्खं प्रकरण उचललं तर त्याला 'प्राथमिक माहितीचं संकलन' म्हणतात. त्या सरांनी कुठलाच नियम मोडला नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. माझं भांडण त्यांच्याशी नाही, नियम जिथं सुरू होतो त्या जागेशी आहे.

आईला हे सांगितलं तेव्हा ती रागावली नाही. तिनं दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, "शेवळ्याला काकडं लिव्हलंय का?" लिहिलेलं नव्हतं. टेबलात झाडाचं नाव होतं, त्याचं शास्त्रीय नाव होतं, कोणता भाग खातात ते होतं. पण शेवळं काकड्याच्या फळाबरोबर शिजवलं नाही तर घशाला अशी खाज सुटते की माणूस पाण्याच्या हंड्यापाशीच बसतो, हे नव्हतं. आई म्हणाली, "मंग खाईल कुणी न् शिव्या घालील. कुणाला घालील?" मी वर म्हटलं ते जाब विचारायचं दार ते हेच.

दुसरी गोष्ट तिनं विचारली नाही, नुसती म्हणाली. "चार दिस आजी आजी करत व्हते. नाव इचारलंच नाय."

पुढं लेक जरा तावातावानं म्हणाली, की हे ज्ञान आजीचं आहे, त्यावर आजीचा हक्क आहे. तेव्हा आईनं तिलाही थांबवलं. "माझं कसं? माझ्या आयेनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. मला माझं म्हणता येत नाय, मंग त्यांना कसं येतं?"

या वाक्यापाशी मी पुष्कळ दिवस अडकलो. कारण शिकलेल्या लोकांशी बोलताना मला नेहमी दोनच रस्ते ऐकू येतात. एक तर ज्ञान कुणाचं तरी मालकीचं, म्हणून पेटंट घ्या, पैसे घ्या. नाहीतर ज्ञान सगळ्या जगाचं, म्हणून कुणीही घ्या. आई दोन्हीकडं जात नव्हती. मालकी नको म्हणत होती आणि नाव मात्र पाहिजे म्हणत होती. बियाण्याच्या रीतीत हेच आहे. उसनं नेलेलं बी तुम्ही पेरा, खा, दुसऱ्याला द्या, कुणी अडवत नाही. फक्त कुठून आलं ते सांगा, आणि परत करताना थोडं जास्त द्या.

तोंडाचं ज्ञान कागदापुढं कसं उणं पडतं याचं मोठं उदाहरण हळदीचं आहे. जखमेवर हळद लावायची हे आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक. पण १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला त्याचं पेटंट मिळालं. आपल्या सीएसआयआरनं भांडून १९९७ साली ते रद्द करून घेतलं. पण कशाच्या जोरावर? जुने ग्रंथ आणि छापलेले लेख दाखवून. तेव्हाच्या तिथल्या कायद्यात, परदेशात लोक एखादी गोष्ट पिढ्यान् पिढ्या करत आलेत एवढा पुरावा चालत नव्हता. छापलेला कागद लागायचा. हळदीचं नशीब, की तिच्यावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं. आमच्या शेवळ्या-काकड्यावर कुणी लिहिलं होतं?

परदेशाला नावं ठेवायलाही नकोत. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. ते आदिवासी नव्हते, पण माझ्या दृष्टीनं गोष्ट तीच. शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीड एकराच्या आसपास. १९८३ च्या सुमाराला 'पटेल ३' भाताच्या शेतात त्यांना काही वेगळ्याच लोंब्या दिसल्या. त्या बाजूला काढून, पुन्हा पेरून, पुन्हा निवडून त्यांनी काही वर्षांत बारीक दाण्याचं वाण तयार केलं. घड्याळाच्या नावावरून त्याला एचएमटी नाव पडलं. १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्रातल्या लोकांनी त्यांच्याकडून बी नेलं आणि १९९८ मध्ये ते 'पीकेव्ही एचएमटी' म्हणून बाहेर आलं. पीकेव्ही म्हणजे अकोल्याचं पंजाबराव कृषी विद्यापीठ. अकोला, आमचं अकोले नव्हे. विद्यापीठाचं म्हणणं असं, की आम्ही शास्त्रीय रीतीनं ते वाण शुद्ध केलं. केलं असेल, तेही काम आहे, त्याला अक्कल लागते. पण धुतलं म्हणून धोतर परटाचं होत नाही. पुढं २००५ साली राष्ट्रपती कलामांच्या हातून दादाजींना पुरस्कार मिळाला, लोकांना नाव कळलं. २०१८ साली ते गेले. वाणाच्या नावात विद्यापीठाची तीन अक्षरं आहेत, घड्याळाची तीन आहेत. दादाजींचं एकही नाही.

आमच्याच तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आहेत. शाळेत गेल्या नाहीत, आणि गावरान बियाण्यांच्या कामासाठी २०२० सालची पद्मश्री त्यांना जाहीर झाली. तेव्हा आमच्या बायका म्हणत होत्या, "बियाच्या जोडीला बाईचं नाव आलं बाई." त्या एका वाक्यात किती वर्षं साठलेली होती ते ज्याचं त्याला कळावं.

लेक या शोधात असताना तिला कॅनडातली एक गोष्ट सापडली. तिथल्या विद्यार्थ्यांनाही हाच घोर होता. त्यांच्या संदर्भ देण्याच्या नियमात पुस्तकाला यादीत जागा, आणि म्हाताऱ्या जाणत्या माणसाच्या बोलण्याला मात्र 'व्यक्तिगत संभाषण' म्हणून मजकुरातच कंसात उरकायचं. एखाद्याला फोनवर विचारलं तर जे लिहितात तेच. क्री या आदिवासी समाजातल्या लोरिसिया मॅक्लाउड नावाच्या ग्रंथपाल बाईंनी यावर नमुना तयार केला आणि २०२१ साली त्यावर लेख लिहिला. जाणत्याचं नाव, त्याचा समाज, तो राहतो कुठं, त्यानं कशाबद्दल सांगितलं, कधी सांगितलं, हे सगळं पुस्तकाच्या बरोबरीनं यादीत. लेकीनं ते वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, अगं हे तर आपलं "बी कुठलं रं?" झालं. तिकडं दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ साली संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिताच लिहून काढली. त्यांच्या शिकाऱ्यांना भूक मारायला ठाऊक असलेल्या हूडिया नावाच्या झाडाचं पेटंट त्यांना न विचारता घेतलं गेलं होतं, २००३ मध्ये कुठं वाटणीचा करार झाला. पोळलेले लोक ते. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी असे शब्द त्यांनी त्यात घातलेत. मला आवडली ती दुसरीच गोष्ट. आमच्याशी बोलायचं तर साध्या भाषेत बोला, असंही त्यांनी बजावलंय.

नाव दिलं आणि वाटा दिला की सगळं मिटलं, असंही नाही. केरळातल्या अगस्त्य डोंगरातल्या काणी लोकांची गोष्ट बरेच जण चांगलं उदाहरण म्हणून सांगतात. १९८७ साली वनस्पती शोधायला गेलेले शास्त्रज्ञ चढावर दमले, आणि वाटाडे काणी मात्र एक फळ खात ताजेतवाने. आधी ते सांगेनात, मग सांगितलं. त्या आरोग्यपचा नावाच्या झाडापासून तिरुवनंतपुरमजवळच्या संशोधन संस्थेनं 'जीवनी' औषध काढलं, कंपनीला परवाना दिला, आणि मिळेल त्यातला अर्धा हिस्सा काणी लोकांना द्यायचं ठरवलं. जैवविविधता कायदा आला २००२ साली, म्हणजे हे त्याच्याही आधीचं, कायद्यानं भाग न पाडता केलेलं. याला मी प्रामाणिकपणा म्हणतो. पण काणी समाजातल्याच काही वैदूंनी हरकत घेतली. जे सांगितलं गेलं ते सांगायचा त्या वाटाड्यांना अधिकार होता का, असा त्यांचा प्रश्न होता.

तो प्रश्न आमच्याही घरात आला. माझे चुलते जनावरांच्या औषधाचे जाणकार आहेत. आडलेली गाय त्यांनी मोकळी केलेली मी डोळ्यांनी पाहिलीय. त्यांना ज्यानं ते दिलं त्यानं वचन घेतलं होतं, की औषधाचा पैसा घ्यायचा नाही आणि पैसा घेईल अशाला सांगायचं नाही. नातीला त्यांनी पाला दाखवला, पण लिहायचं नाही असं कबूल करून घेतलं. तिनं प्रबंधात लिहिलं, की या विषयातली काही माहिती मला आहे, ती उघड करायची परवानगी मला नाही. विद्यापीठातल्या बैठकीत एकानं विचारलं म्हणे, की माहीत असून लपवणं हा कुठला प्रामाणिकपणा? ती म्हणाली, "नाही माहीत असं लिहिलं असतं तर खोटं झालं असतं. माहीत आहे आणि सांगणार नाही, हे खरं आहे."

लेकीचं उत्तर मला पटलं. पण चुलत्यांचं मला पुरतं पटत नाही, हेही सांगतो. ते नव्वदीला टेकले. त्यांची पोरं कारखान्यावर कामाला, गुरं कुणाकडं उरली नाहीत. ते गेले की तो पाला नुसता पाला होणार. मी त्यांना तसं म्हणालो. ते म्हणाले, "व्हईल. पर इकला तर नाय जाणार." यावर काय बोलावं मला सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही.

तर प्रबंधाचं पुढं काय झालं. गाईड बाई समजूतदार निघाल्या. त्या सरांच्या निबंधाचा संदर्भ ठेवायचाच, कारण त्यांनी हिंडून शास्त्रीय नावं लावली, ते त्यांचं काम. पण टेबलात आणखी एक रकाना काढायचा: कोणी सांगितलं, गाव कोणतं. आणि त्या माणसांची नावं मागं संदर्भाच्या यादीतही घालायची. हे चालेल की नाही, परीक्षक काय म्हणतील, याची खात्री बाईंनी दिली नाही. संदर्भयादीत निरक्षर बाईचं नाव पाहून कुणी शेरा मारला, तर सहा महिने आणखी जातील. फेलोशिप केव्हाच संपलीय. मी लेकीला म्हटलं, तुझं तू ठरव. ती म्हणाली, "ठरलंय."

मग एका संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन आजीपुढं बसली. "आजी, तुझं पूर्ण नाव सांग." आईनं सासरचं नाव सांगितलं. मग थांबली. "पर काळभाताचं बी माहेरचं हाय. ते माझ्या आयेचं घाल." तिच्या आईचं नाव घातलं. मग म्हणाली, राखेचं जावेनं शिकवलं, ती मेली, पण तिचं नाव राहू दे. चाईचं तिच्या माहेरच्या ठाकरवाडीतल्या एका बाईनं दाखवलं होतं, लग्नाआधी. त्या बाईचं नाव आठवेना. तासभर आठवत बसली, मला उठवून विचारलं, शेवटी वाडीतल्या एका म्हाताऱ्याला फोन लावून ते काढलं. लेक मध्ये एकदा म्हणाली, "आजी, रकाना एवढासाच आहे गं." आई म्हणाली, "मंग बारीक लिव्ह."

त्या टेबलाच्या पानावर सात नावं बसलीत, त्यातली पाच आता हयात नाहीत. प्रबंध गेल्या महिन्यात तपासणीला गेलाय.